सावत्र तळं

तळं घाण राहावं म्हणून भांडणारा माणूस अशी माझी जी ओळख आमच्या वसाहतीत झाली आहे, ती सर्वस्वी चुकीची आहे. मी तळ्यांच्या बाजूचा माणूस आहे. माझा पगारच मुळी तळी, जंगलं, समुद्र आणि त्यांत राहणारे जीव वाचवणाऱ्या संस्थेकडून येतो, आणि ही संस्था इतकी जागतिक आहे की तिच्या कुठल्या ना कुठल्या कचेरीत कायम जेवणाची सुट्टी चालू असते. असल्या संस्थेतल्या माणसाबद्दल "तो तळं साफ करू देत नाही" असं जिन्यात बोललं जावं, आणि बोलणाऱ्यांत त्याची सख्खी आई असावी, याला काय म्हणायचं? मी एकदा सगळं नीट सांगतो. मग तुम्हीच ठरवा.

संस्थेत मी 'परिणाम-मोजणी आणि बोध' या विभागाचा प्रमुख आहे. हे वाक्य मी आजवर ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्यांनी त्यांनी "अच्छा" म्हणून विषय बदलला. वास्तविक काम अगदी सोपं आहे. बाकीचे लोक कासवं वाचवतात आणि कासवं खरोखर वाचली का, हे मी बघतो. वाचली असतील तर ती यांच्यामुळेच वाचली, की एरवीही वाचणारच होती, हेही बघतो. हा दुसरा प्रश्न विचारला की कासवांपेक्षा आमचे सहकारीच झटकन मान आत ओढून घेतात. कचेरीत कोणाचाही वाढदिवस असला की केक माझ्या टेबलापर्यंत येताना फक्त खोका उरलेला असतो, तो यामुळे.

घरी तर आणखी कठीण.

"म्हणजे तू स्वतः काहीच वाचवत नाहीस?" आईने एकदा विचारलं.

"मी मोजतो, आई."

"मोजून काही वाढतं का?"

यावर माझी बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तेव्हापासून आमच्या घरात डब्यातले लाडू कमी झाले, साबण संपला किंवा माझे केस गळाले की कोणीतरी हे वाक्य म्हणतंच.

तर गेल्या वर्षी संस्थेला नव्या संचालकबाई मिळाल्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत प्रत्येक विभागाला एकच प्रश्न केला: तुमच्या असण्याने काय फरक पडला? समुद्रवाल्यांनी समुद्र दाखवला. जंगलवाल्यांनी जंगल दाखवलं. माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे दाखवायला फक्त इतरांचे आकडे होते. जो प्रश्न मी उभा जन्म दुसऱ्यांना विचारत आलो, तो मला कोणी विचारील असं स्वप्नातही आलं नव्हतं.

"हंगाम संपताना मी तुमच्या शहरात येणार आहे," संचालकबाई म्हणाल्या. "मला डोळ्यांनी बघता येईल असं एक काम दाखवा. मोजल्याने काय साधलं ते मला कळलं पाहिजे. नाहीतर तुमचा विभाग मी प्रसिद्धी विभागात मिसळून टाकते."

मिसळून टाकते! पिठात मीठ मिसळावं तसं! आमचा प्रसिद्धीप्रमुख तुम्हाला माहीत नाही म्हणून तुम्ही शांत बसला आहात. मी त्याला 'सत्तावीस पक्षी' असं लिहून दिलं की तो 'शेकडो' असं छापतो, आणि विचारलं तर म्हणतो, "सत्तावीसला भावना नसतात हो." अशा माणसाच्या हाताखाली वयाच्या पन्नाशीत जाऊन बसायचं, म्हणजे आजवर मोजलेलं सगळं पाण्यात. माझी झोप उडाली.

आणि मग मला आमच्या वसाहतीमागची तळी आठवली.

ती दोन आहेत. मधून एक पायवाट जाते. आकार तोच, खोली तीच, काठावरची झुडपं तीच, आणि घाणही तंतोतंत तीच. दोन्हींत प्लास्टिकच्या पिशव्या, दोन्हींत बाटल्या, आणि दोन्हींत एकेक मोडकी खुर्ची होती, यावरून काय ते समजा. दोन्हींत मोजके बेडूक कसेबसे दिवस काढत होते. आमच्या व्यवसायात अशी जोडी मिळणं म्हणजे भाग्यच. एक तळं संस्थेने सुधारायचं: कचरा काढायचा, काठाला वेत आणि पाणगवत लावायचं, बेडकांची अंडी खाणारे मासे काढून टाकायचे. दुसऱ्याला बोटही लावायचं नाही. हंगाम संपला की दोन्हींतले बेडूक मोजायचे. पहिल्यात जितके जास्त, तितकं आपल्या कामाचं फळ. दुसरं तळं नसेल तर पहिल्यातले बेडूक आपल्यामुळे वाढले की नुसत्या चांगल्या हवेने, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता येणार नाही. दुसरं तळं हा या सगळ्याचा कणा आहे. हे मी इतकं सोपं करून सांगतोय आणि तुम्हाला पटतंय. आमच्या वसाहतीत हे एकालाही पटलं नाही.

आधी मोजणीबद्दल सांगतो. बेडूक संध्याकाळी ओरडतात, म्हणून तिन्हीसांजेला घडीचं स्टूल घेऊन काठावर बसायचं, आवाज ओळखायचे, मग विजेरी लावून डोळे मोजायचे. पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि बोटाने दाबायचं टिकटिक यंत्र हातात. या अवस्थेत मी बसलेलो असताना संपूर्ण वसाहत फिरायला बाहेर पडते, ही त्यांची चूक नव्हे. पण प्रत्येकाने थांबून काहीतरी बोललंच पाहिजे का?

समोरच्या दारातले वकीलसाहेब पहिल्याच दिवशी थांबले.

"काय, बेडूक?"

"हो."

"किती?"

"मोजतोय. श्श."

त्यांनी वाकून पाण्यात पाहिलं. मग खाकरून म्हणाले, "एकच साक्षीदार दोनदा साक्ष देऊन गेला नाही कशावरून?"

आता हा प्रश्न आमच्या शास्त्रातला अत्यंत नाजूक प्रश्न आहे. त्यावर परिषदा भरतात. मी स्वतः एका परिषदेत त्यावर चाळीस मिनिटं बोललो आहे. तो एका माणसाने हवा खाता खाता, तोंडात लवंग धरून विचारावा याचा मला संताप आला. मी त्यांना सगळी पद्धत समजावली. तेवढ्यात बेडूक गप्प झाले आणि ती संध्याकाळ वाया गेली.

तरी पहिली मोजणी झाली. दोन्ही तळ्यांत बेडूक सारखे भरले. मी खूश झालो. पहिल्या तळ्याचं काम लगेच सुरू झालं, मजूर आले, कचरा निघाला, वेत लागले. आणि इथे मी एक चूक केली.

मला भीती वाटली की पहिलं तळं साफ होतंय असं बघून कोणी उत्साही माणूस दुसऱ्यालाही हात लावील. म्हणून दुसऱ्या तळ्याला पाटी लावायचं मी ठरवलं. पाटीला नगरपालिकेची परवानगी लागते. मी गेलो.

"कामाचं स्वरूप?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"तळ्यात काहीही करायचं नाहीये."

त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, काही न करायला परवानगी लागत नाही. आम्ही इथे सगळे त्याच तत्त्वावर आहोत."

"पण इतरांनाही काही करू द्यायचं नाहीये."

"मग ती मनाई झाली. मनाई वरच्या मजल्यावर."

वरच्या मजल्यावर कळलं की तळ्याचं पाणी हे पाणीखात्याचं आणि काठ हा बागखात्याचा. मी विचारलं, बेडूक कोणाचे? यावर दोन्ही खात्यांच्या साहेबांनी आपापल्या फायली चाळल्या. शेवटी असं ठरलं की बेडूक पाण्यात असेल तर पाणीखात्याचा आणि काठावर आला की बागखात्याचा. पाटी काठावर लागणार म्हणून बागखात्याने तिला परवानगी दिली आणि खाली शिक्का मारला. हा तपशील ध्यानात ठेवा, कारण पुढे त्यानेच माझा घात केला.

पाटीवर मी लिहून घेतलं: 'या तळ्याची सफाई, सुधारणा अथवा देखभाल करण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ते तळं इतकी वर्षं तिथे पडून होतं आणि त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पाटी लागली त्या संध्याकाळी तिथे जत्रा जमली. लोक पाटी वाचत, तळ्याकडे बघत, पुन्हा पाटी वाचत. आणि गर्दीच्या अग्रभागी, कमरेवर दोन्ही हात ठेवून, पहिल्या मजल्यावरच्या मेट्रनकाकू उभ्या होत्या.

काकू इस्पितळात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या, पण इस्पितळ त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. जिन्यात धूळ दिसली की त्या ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने मोठमोठे डॉक्टर हात धुवायला पळत असत म्हणे.

"ही पाटी तुमची?" काकूंनी विचारलं.

"हो. त्याचं असं आहे काकू, की तुलनेसाठी..."

"एक पोर न्हाऊमाखू घालून झोपवायचं आणि दुसऱ्याला उकिरड्यावर टाकायचं? का? त्याने काय पाप केलंय?"

"पाप नाही काकू, ते तुलनेचं तळं आहे."

"सावत्र आहे म्हणा की सरळ!"

बस्स. तिथून पुढे वसाहतीत ती नावं पडली. संस्थेचं ते लाडकं तळं आणि दुसरं ते सावत्र तळं. दूधवालासुद्धा पत्ता सांगताना 'सावत्र तळ्याच्या बाजूचा जिना' म्हणू लागला. मी जाहीर व्याख्यान द्यायचं ठरवलं. सोसायटीच्या खोलीत फळ्यावर दोन गोल काढून समजावून सांगितलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. शेवटी काकू म्हणाल्या, "आमच्याकडे एका खाटेवरच्या पेशंटला औषध आणि शेजारच्याला नुसती पाटी असं मी चालू दिलं नसतं." टाळ्या पडल्या. माझ्या व्याख्यानाला!

पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मी सोडून दिलं. पण दोनच दिवसांत माझ्या लक्षात आलं की सावत्र तळ्यातल्या पिशव्या कमी होतायत. मी सकाळी जाऊन पाहावं तर आणखी दोन बाटल्या गायब. मग वाऱ्याने वाहून येणारा पालापाचोळा गायब. मग एके दिवशी खुर्ची गायब!

तुम्ही म्हणाल, खुर्चीचं एवढं काय? अहो, ती पहिल्या दिवशीच्या नोंदीत होती! तुलनेच्या तळ्याची स्थिती बदलली की सगळी तुलना कोलमडते. तुलना कोलमडली की माझा विभाग जातो, आणि विभाग गेला की मी 'शेकडो' लिहायला बसतो. माझ्यापुढे एकच शास्त्रीय मार्ग होता. काढलेला कचरा शोधून, होता तसा, होता तिथे परत ठेवणं.

कचरा फाटकामागे ढिगात सापडला. मी सकाळी लवकर, कोणी उठायच्या आत, पिशव्या एका पोत्यात भरल्या, खुर्ची डोक्यावर घेतली आणि निघालो. खुर्ची तीन पायांची असली तरी डोक्यावर घेतल्यावर तिचा प्रत्येक पाय स्वतंत्रपणे टोचतो. काठावर पोचलो, पोतं रिकामं केलं, आणि खुर्ची दोन्ही हातांनी उंच धरून नेमकी जागा आठवत असताना मागून आवाज आला.

"शाब्बास!"

वळून पाहतो तो मेट्रनकाकू. त्यांच्या मागे वकीलसाहेब, हातात लांब दांड्याची जाळी. आणि त्यांच्या मागे, पदर खोचून, हातात घमेलं घेऊन उभी असलेली माझी आई.

"आई, तू?"

"मी काय! मी रोज येते. तुला वाटतं मी देवळात जाते."

"पण तुला माहीत आहे ना, माझी नोकरी..."

"तुझ्या नोकरीसाठी त्या तळ्याने का मरायचं?" आई म्हणाली. "आणि ती खुर्ची खाली ठेव. हात दुखतील."

मी खुर्ची खाली ठेवली. त्याआधी वकीलसाहेबांनी फोटो काढला होता. दुपारपर्यंत तो वसाहतीच्या सगळ्या फोनांवर पोचला. खाली वाक्य होतं: 'निसर्गरक्षक'. एवढंच. बायकोने तो मला दाखवला नाही, पण बँकेतून आल्यावर ती न्हाणीघरात जाऊन हसली, तो आवाज मला ऐकू आला. मी जेवलो नाही. म्हणजे आग्रह झाला असता तर जेवलो असतो.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसं त्याच आठवड्यात नगरपालिकेचं पत्र आलं. काकूंनी पाणीखात्याकडे तक्रार केली होती की हा गृहस्थ तळ्यात कचरा टाकतो. पाणीखात्याने माझ्या नावे हुकूम काढला होता की तळं तात्काळ साफ करा, नाहीतर कारवाई. मी बागखात्याची मनाई घेऊन धावलो.

"बरोबर आहे," पाणीखात्याचे साहेब म्हणाले. "साफ केलंत तर ते कारवाई करतील. नाही केलंत तर आम्ही."

"मग मी करू काय?"

"काठाला धक्का न लावता पाणी साफ करा."

"आणि पाण्यात उतरू कसा?"

साहेबांनी खिडकीतून आकाशाकडे पाहिलं. ते मला आकाशातून उतरा असं सुचवत होते की नुसता कंटाळा आला होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी चिडून घरी आलो आणि अंथरुणाला खिळलो. ताप नव्हता, पण अपमान होता. तिकडे काकूंची फौज आता उजळ माथ्याने काम करू लागली. पाणीखात्याचा हुकूम त्यांच्या हातात होता. त्यांनी लाडक्या तळ्यावरून बघून बघून वेत लावले, आणि ते लाडक्यापेक्षा दाट लावले. मासे जाळीने काढले. सावलीसाठी झुडपं लावली. माझी आई रोज संध्याकाळी अंगणात गेल्यासारखी तिकडे जायची. आमच्या पाटीला त्यांनी हात लावला नाही. उलट रोज पुसून ठेवत. ती बघितली की अंगात जोर येतो, असं काकूंचं म्हणणं होतं.

मी म्हटलं, जाऊ दे, निदान आपलं लाडकं तळं तरी आहे. ते इतकं फुललेलं दाखवायचं की सावत्र त्यापुढे फिकं पडेल. पण लाडक्या तळ्यावर दुसऱ्याच कोणाची माया जडली होती.

प्रसिद्धीप्रमुख तिथे येऊन गेला होता. संचालकबाई येणार म्हणून त्याने काठावर संस्थेची पाटी लावली आणि संस्थेचं नाव असलेलं बाक बसवलं. बाकावर दिवे बसवले. दिव्यांचा उजेड पाण्यावर पडेल असा वाकवला. मी कळवळून सांगितलं, बेडकांना अंधार लागतो. तो म्हणाला, "फोटोला उजेड लागतो." आणि फोटो काढल्यावर त्याला जाणवलं की पाणी रिकामं दिसतंय. मग त्याने दुकानातून लाल-सोनेरी मासे आणून सोडले. भरपूर सोडले.

"मासे बेडकांची अंडी खातात!" मी ओरडलो.

"पण दिसतात किती छान," तो म्हणाला.

आता या माणसाच्या विभागात मला मिसळायचं होतं.

संचालकबाई येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटची मोजणी केली. लाडक्या तळ्यावर दिव्यांच्या लखलखाटात तासभर बसलो. दोन बेडूक दिसले. त्यातला एक जायच्या तयारीत होता, कारण तो पायवाट ओलांडून पलीकडे निघाला होता. मी त्याच्या मागोमाग सावत्र तळ्यावर गेलो.

तिथे अंधार होता आणि असा काही गलका चालला होता की मला आधी वाटलं सोसायटीची सभा आहे. मी टिकटिक यंत्र दाबायला लागलो. दाबता दाबता अंगठा दुखायला लागला. मी दुसरा अंगठा घेतला. विजेरी लावली तर वेतांच्या बुडख्याशी डोळेच डोळे. शेवटी मोजणी चुकली. इतक्या वर्षांत माझी मोजणी पहिल्यांदा चुकली. मी स्टुलावर नुसता बसून राहिलो, आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याचाच राग आला. ज्या आकड्यांनी उद्या माझं वाटोळं होणार होतं, त्यांच्यावर खूश व्हायला मी काय वेडा आहे?

प्रसिद्धीप्रमुख बाक पुसून माझ्याजवळ आला. त्याला आकडे कळले. त्याने क्षणभरही विचार केला नाही.

"सोपं आहे. पाट्या बदलू. संस्थेची पाटी इकडे, तुमची मनाई तिकडे. बाक उचलायला माणसं आणतो. संचालकबाईंना काय कळणार आहे कुठलं तळं कुठलं!"

मी तुम्हाला सांगतो, माझ्या मनात आलं. पाट्या दोन होत्या, अंतर दहा पावलांचं होतं, आणि माझा सगळा विभाग त्या दहा पावलांत होता. पण मग मला वाटलं, मी काहीही असेन, तापट असेन, हट्टी असेन, डोक्यावर खुर्ची घेऊन फिरणारा असेन. खोटं मोजणारा मी नव्हे.

"पाट्या राहतील तिथेच," मी म्हटलं.

"मग तुम्ही बुडालात."

"बुडालो तर बुडालो. पण किती बुडालो ते बरोबर मोजून सांगेन."

हे वाक्य मला त्या वेळी फार भारदस्त वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संचालकबाई आल्या. मी त्यांना लाडकं तळं दाखवलं. "हे आपलं. इथे बेडूक कमी झाले." मग सावत्र तळं दाखवलं. "हे तुलनेचं. इथे आपण काहीही केलं नाही. इथे बेडूक एवढे झाले की मला मोजता आले नाहीत. म्हणजे आपल्या कामाचा परिणाम उणे आहे." रबरी बुटांत पाय घामाने भिजले होते.

संचालकबाई मनाईची पाटी वाचत होत्या. "मग हे झालं कशाने?"

"याच्यामुळे!" मागून मेट्रनकाकू गरजल्या. सगळी फौज तिथे हजर होतीच. "या गृहस्थाने मनाई केली म्हणून. आम्ही इथे जन्म काढला बाई, कधी एक बाटली उचलली नव्हती. याने सांगितलं हात लावायचा नाही, मग मात्र आमचा हात थांबेना."

"माझ्या अशिलाने... माझ्या शेजाऱ्याने स्वतःच्या डोक्यावर कचरा वाहिला आहे," वकीलसाहेब म्हणाले. "लोक पेटावेत म्हणून. माझ्याकडे पुरावा आहे." आणि त्यांनी तो फोटो दाखवला.

"तसं नाहीये!" मी ओरडलो. "हे मी मुद्दाम केलेलं नाही! मला खरोखर तळं घाण ठेवायचं होतं!"

संचालकबाई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी पुन्हा समजावायला लागलो तसं त्यांचं कौतुक वाढत गेलं. शेवटी त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण लोकांना विनवण्या करतोय की तळी सांभाळा. त्यांना मनाई करावी हे कोणाला सुचलं नव्हतं." विभाग वाचला. नुसता वाचला नाही, वाढला. आता ही 'मनाई पद्धत' संस्थेच्या इतर कचेऱ्यांत शिकवायला मी जायचं आहे. तिच्याखाली माझं नाव छापणार आहेत. प्रसिद्धीप्रमुखाने मजकूर लिहिला आहे: 'शेकडो तळी'. तळं एकच आहे, असं मी त्याला चार वेळा कळवलं.

मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटत असेल. आयुष्यभर काटेकोर मोजलं त्याचं कोणाला काही नाही, आणि आयुष्यात एकदा जे फसलं, त्याला माझं नाव! वर वसाहतीत रोज नवीन मागणी. सोसायटीचे चिटणीस आले आणि म्हणाले, "जिना झाडू नये अशी एक पाटी लावाल का? तुमच्या सहीने लावा, तुमचा राग येतो लोकांना." मी दार आपटलं.

परवा रविवारी असाच धुमसत बसलो होतो. बायको स्वयंपाकघरातून आली आणि जाता जाता म्हणाली, "माळा आवरायचा अजिबात नाही हं. सांगून ठेवते. तुला ते जमणार नाही, आणि तुझ्या वयाला शिडी झेपायची नाही."

जमणार नाही? मला? ज्याने गुडघाभर चिखलात उभं राहून तीन खंडांतली कासवं मोजली, त्याला आठ फुटांची शिडी झेपणार नाही? मी तिथल्या तिथे शिडी लावली, वर चढलो आणि जुनी भांडी, फुटकी बादली, कुजलेल्या गाद्या खाली फेकायला सुरुवात केली. केसांत जळमटं, नाकात धूळ. अर्धा माळा झाल्यावर खाली फारच शांत वाटलं म्हणून वाकून पाहिलं.

खाली दोघी चहा पीत बसल्या होत्या. बायको माझ्या टिकटिक यंत्रावर खाली पडलेल्या वस्तू मोजत होती.

"बघितलंस?" आई तिला म्हणाली. "मोजून काही वाढत नाही. डिवचून वाढतं."

मला सगळं कळलं. पण मी खाली उतरलो नाही. अर्धा माळा राहिला होता, आणि काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही.